पाण्यावरची मेथी बाराव्या दिवशी पिवळी का पडते?

हा खेळ बहुतेकांनी कधी ना कधी केलेला असतो. मेथीदाणे रात्री भिजवायचे, सकाळी चाळणीत पसरायचे आणि चाळणी पातेल्यावर अशी टेकवायची की तळाला पाणी जेमतेम लागेल. दोन दिवसांत मोड, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवी जुळी पानं, आठवड्यात बोटभर उंच रान. घरात कौतुक होतं, फॅमिली ग्रुपवर फोटो जातात. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी सगळं थांबतं. पानं फिकी पडतात, खालची पिवळी होतात, उंची आहे तिथेच. पाणी रोज बदलतोय, ऊनही येतंय, मग बिघडलं काय?

काहीच बिघडलेलं नसतं. शिदोरी संपलेली असते.

भिजलेला मेथीदाणा बोटांत धरून बघा. बुळबुळीत लागतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे गॅलॅक्टोमॅनन नावाची साखरेची लांबलचक साखळी. दाण्यानं ती दोन कामांसाठी जपलेली असते: पाणी धरून ठेवायला आणि उगवताना खायला. आतली दोन दलं म्हणजे उरलेला साठा, प्रथिनं आणि तेल. उगवल्यावर जी जाडसर, लांबट, गुळगुळीत पानांची जोडी दिसते ती खरी पानं नव्हेत, ती हीच दलं हिरवी होऊन वर आलेली. त्यांच्या मधून जे पहिलं खरं पान येतं ते एकटंच असतं, गोलसर. मेथीचं ओळखीचं तीन पानांचं त्रिकूट त्याच्याही नंतर. मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे ही, कारण बाजारातल्या जुडीत तोवर ते एकटं पान गळून तरी गेलेलं असतं किंवा कुणाच्या लक्षात येत नाही. घरचा साठा साधारण या त्रिकुटाच्या आसपास संपतो. तिथून पुढे मेथीला बाहेरचं जेवण लागतं, आणि नळाच्या पाण्यात ते नसतं.

मुंबईकरांना हे न सांगता ठाऊक आहे. समुद्र मेथी म्हणून जी चिमुकल्या जुड्यांची मेथी मिळते, पांढरे देठ, टोकाला दोन-तीन पानं, मुळांना वाळू, ती किनाऱ्याजवळच्या वाळूच्या वाफ्यांत वाढवलेली असते. वाळूत अन्न नावालाच. म्हणून ती दाण्याच्या शिदोरीवर वाढते आणि शिदोरी संपायच्या सुमारास उपटली जाते. आज डब्यात भरून ज्याला मायक्रोग्रीन म्हणून विकतात, ते आपल्याकडे लसणाच्या फोडणीवर कधीपासून परतलं जातंय. तुम्हाला एवढीच कोवळी मेथी हवी असेल तर पुढचा लेख वाचायची गरज नाही: चाळणी, साधं पाणी आणि आठ-दहा दिवस पुरेत. भाजीची, चार-पाच पानं आलेली, टचटचीत मेथी हवी असेल तर मात्र मातीचं काम आपल्याला करावं लागेल. मातीविना शेती म्हणजे एवढंच.

माती करते तरी काय

झाड माती खात नाही. माती झाडाला धरून ठेवते, मुळांना पाणी आणि हवा एकाच वेळी पुरवते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार हाती देते. झाडाला लागणारी मूलद्रव्यं १७. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुळांवाटे, क्षारांच्या रूपात. ती मोजून पाण्यात घातली तर झाडाला माती नाही याचा पत्ताही लागत नाही, हे जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी १८६०च्या दशकात दाखवून दिलं होतं. कॅलिफोर्नियात गेरिके या शास्त्रज्ञानं १९३७ साली त्याला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून. योगायोग असा की मेथीच्या शास्त्रीय नावातही ग्रीस आहे. ट्रायगोनेला फीनम-ग्रेकम, म्हणजे ग्रीकांचं वाळलं गवत, गुरांची वैरण! आणि हे काही फक्त परदेशी खूळ नाही. १९४०च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी बंगालमधल्या कालिम्पाँगला खडी आणि वाळू भरलेल्या वाफ्यांत, साध्यासुध्या साधनांनी हे प्रयोग केले. ती पद्धत बंगाल पद्धत म्हणून जगभर ओळखली जाते.

या तीन कामांत नवशिक्याला फसवतं ते हवेचं काम. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, तिथून त्यांना ऑक्सिजन मिळतो. टबातल्या पाण्यात तो जेमतेम असतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळांची भूक वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. यावर उपाय दोन. एक, मत्स्यालयातला बुडबुड्यांचा पंप. दुसरा फुकट आहे आणि मला तोच आवडतो: पाणी भरपूर ठेवू नका. हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी यांनी ही पद्धत रूढ केली. सुरुवातीला पाणी टोपलीच्या तळाला टेकलेलं असतं. झाडं ते पीत जातात, पातळी खाली जाते, टोपली आणि पाणी यांच्यात हवेचा थर तयार होतो. त्या थरात लोंबणारी वरची मुळं हवेतून श्वास घेतात, टोकं खाली पाण्यात राहतात. वरच्या मुळांवर तेव्हा कापसासारखी पांढरी लव दिसते. ती बुरशी नव्हे. मी पहिल्यांदा घाबरून ती धुऊन काढली होती.

पाणी कमी झालं म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरणं ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक. हवेची सवय लागलेली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत झाडं मान टाकतात. भरायचंच तर निम्म्यापर्यंत.

मेथी म्हणजे लेट्यूस नव्हे

हायड्रोपोनिक्सचे बहुतेक व्हिडिओ लेट्यूसचे. पांढरे पाइप, त्याला भोकं, प्रत्येक भोकात जाळीदार कप, कपात एक रोप. मेथीला हा थाट शोभत नाही. लेट्यूसचं एक रोप म्हणजे एक भाजी. मेथीची जुडी व्हायला शंभरावर रोपं लागतात. शिवाय मेथीचं सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली धावतं, त्यामुळे एका जागी उगवून दुसऱ्या जागी लावणं तिला मानवत नाही. आणि मेथीला गर्दी आवडते. विरळ पेरली तर आडवी पसरते, दाट पेरली तर एकमेकींना टेकून उभी राहते.

म्हणून टोपली. मी वापरते ती प्लास्टिकची चौकोनी रोवळी, साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरची, दहा लिटरच्या टबावर काठ टेकून बसणारी. तळाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर इंचभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट आधी भिजवून पिळून, पुन्हा भिजवून पिळून घ्यायचं, चहासारखं तांबडं पाणी फिकं होईपर्यंत. त्यात मीठ असू शकतं. दाणे दोन चहाचे चमचे, म्हणजे सहाशेच्या आसपास. आठ तास भिजवायचे आणि मग तीनचार पाण्यांनी धुवायचे. मघाचा तो बुळबुळीतपणा इथे उपयोगाचा नाही, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि मधले कुजतात. पसरून झाले की वरून कोकोपीटचा अगदी पातळ थर, आणि दोन दिवस वर ओलं फडकं.

किराणा मालातले दाणे चालतात, जुने नसले म्हणजे झालं. दहा दाणे ओल्या कापडात बांधून बघा, आठ उगवले तर पुढे जा. बियाण्याच्या दुकानातले दाणे गुलाबी-लाल रंगाचे असतील तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते कोवळ्या मोडांसाठी वापरू नका. जातीचंच म्हणाल तर पुसा अर्ली बंचिंग भरभर वाढते. कसुरी मेथी वेगळीच प्रजाती आहे, ती जमिनीलगत पसरते, सावकाश वाढते, पण पुन्हा पुन्हा कापता येते. धीर असेल तरच तिच्या वाटेला जा.

आता जेवण

तासगावला माझ्या दादाची द्राक्षबाग आहे. ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांच्या पिशव्या त्याच्या शेडमध्ये कायम पडलेल्या. मी पावपाव किलो मागितलं तेव्हा म्हणाला, "अगं, तेरा-शून्य-पंचेचाळीस काय मेथीला घालतीस? येड लागलंय काय तुला?" पण दिलं. (हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी.) खरं म्हणजे शहरातला माणूस ज्याला हायड्रोपोनिक न्यूट्रियंट म्हणून छोट्या बाटलीत महाग विकत घेतो, तेच क्षार नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार पोत्यानं वापरतो.

पहिला धडा मात्र मी स्वतःच्या चुकीतून घेतला. सगळी खतं एकाच बाटलीत घट्ट विरघळवली. सकाळी बघते तर तळाला चुन्यासारखा पांढरा गाळ. कॅल्शियम नायट्रेटमधलं कॅल्शियम हे मॅग्नेशियम सल्फेटमधल्या सल्फेटला भेटलं की जिप्सम होतं, फॉस्फेटला भेटलं की कॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणजे मुळांना मिळत नाहीत. पातळ द्रावणात ही गाठभेट चालते, घट्ट द्रावणात नाही. बाजारातली खतं ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतात त्याचं कारण एवढंच.

माझं मोजमाप असं. ए बाटलीत, एक लिटर पाण्यात, ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २ ग्रॅम चेलेटेड आयर्न, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधून ठेवलेलं लोह. बी बाटलीत, एक लिटर पाण्यात, ३० ग्रॅम १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), १५ ग्रॅम ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २ ग्रॅम चेलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. दहा लिटर पाण्यात आधी ए मधलं १०० मिली घालून ढवळायचं, मग बी मधलं १०० मिली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दीड ग्रॅम धड मोजता येत नाही, म्हणून हा शंभर लिटरचा हिशेब एकदम करून ठेवायचा. बाटल्या अंधारात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. एवढी खटपट नको असेल तर तयार ए-बी जोडी घ्या, काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र टबात घालू नका. १९:१९:१९ हे बाल्कनीवाल्यांचं लाडकं खत, पण त्यात कॅल्शियम नाही, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत युरिया पचवून देणारे जिवाणू असतात, ताज्या टबात ते फारसे नसतात. दुसरं म्हणजे शेणखताचं किंवा गांडूळखताचं पाणी. मातीत ते उत्तम. टबात जिवाणू त्यावर ताव मारतात आणि मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपवतात. तिसऱ्या दिवशी वासच सांगतो.

आणि हे द्रावण पहिल्या दिवसापासून द्यायचं नाही. शिदोरी भरलेली असेपर्यंत साधं पाणी. जुळी पानं उघडली की निम्म्या ताकदीचं द्रावण. ते एकटं गोल पान दिसलं की पूर्ण ताकदीचं. ताकद मोजायला ईसी मीटर असतो, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारा: पूर्ण द्रावण १.४ मिलिसीमेन्सच्या आसपास, मेथीला तेवढं पुष्कळ. स्वस्तातला टीडीएस मीटर असेल तर त्यावर तो आकडा बहुधा ७००च्या जवळ दिसेल. त्यात तुमच्या पाण्याचा स्वतःचा आकडाही धरलेला असतो, हे विसरायचं नाही. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ, त्यामुळे काम सोपं. बोअरचं पाणी आधीच पाचशे-सहाशे दाखवत असेल तर त्यात खत किती घालणार? तिथे आरओचं किंवा पावसाचं पाणी निम्मं मिसळा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना देणं ही छान सवय आहे, पण ते टबात नको, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

सामू म्हणजे पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा. वर गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही. चार थेंब लिंबू पिळून सामू उतरतो, पण जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पुन्हा चढतो. फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण टिकतं. मी खरं सांगू का, महिनाभराच्या पिकासाठी मी सामू दोनदाच बघते, सुरुवातीला आणि मध्यावर.

कुणी हुशार वाचक विचारेल, मेथी तर डाळवर्गातली, ती हवेतलं नत्र स्वतःच धरते ना, मग नायट्रेट कशाला? मेथी स्वतः धरत नाही. तिच्या मुळांच्या गाठीत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू धरतात. टबात ते नसतात, गाठी व्हायला वेळही लागतो, आणि मुख्य म्हणजे आयतं नायट्रेट मिळत असेल तर झाड गाठी बांधायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून पाण्यावरच्या मेथीची मुळं स्वच्छ पांढरी, बिनगाठींची असतात.

पान काय सांगतं

पिवळेपणाही दोन तऱ्हेचा, आणि तो वाचता आला तर निम्मं काम झालं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. नत्र झाडात फिरतं, अडचणीत झाड थोरल्याचं काढून धाकट्याला देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी, किंवा सामू चढलेला. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून उपास नव्या पानालाच घडतो. नव्या पानांच्या कडा करपल्या तर कॅल्शियम. रोपं लांबुळकी, पांढरट, खिडकीकडे वाकलेली असतील तर जेवणाचा प्रश्नच नाही, उजेड कमी आहे. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन हवं. पूर्वेची बाल्कनी असेल तर उत्तम. नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब फूटभर अंतरावर, बारा-चौदा तास.

मुळं वर उचलून बघायची सवय लावा. पांढरी किंवा दुधी असली की सगळं ठीक. तपकिरी, ओढली की साल हातात येणारी, कुबट वासाची असली तर पिथियम नावाची कूज लागली, त्यातून झाडं परत येत नाहीत. माझी एप्रिलमधली मेथी अशीच गेली. टब दुपारच्या उन्हात होता आणि पाणी हाताला कोमट लागत होतं. मेथी थंडीची भाजी आहे, १५ ते २५ अंशांत खूश. एप्रिल-मे मध्ये मी आता तिच्या नादी लागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम, आणि जुडीचे भाव डोळे पांढरे करतात त्या पावसाळ्यातही जमते, पावसाचा मारा टोपलीवर होणार नाही एवढं बघितलं तर.

टबाला बाहेरून काळं प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर उजेडानं आत शेवाळ धरतं. टब आणि टोपली यांच्यात फट राहिली तर मच्छरदाणीची पट्टी लावून बुजवा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि महापालिकेचा माणूस तपासायला आला तर त्याला क्रॅटकी पद्धत समजावत बसायची वेळ येऊ नये.

हाती काय येतं

पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत वीतभर मेथी. बाजारासारखी मुळासकट उपटायची किंवा खालची दोन-तीन पेरं ठेवून कात्रीनं कापायची. कापली तर पेरांतून पुन्हा फुटवे येतात, दुसरी तोडणी पहिलीपेक्षा हलकी असते, तिसऱ्याच्या मागे लागू नका. माझ्या रोवळीत दोन माणसांच्या एका वेळच्या भाजीपुरती निघते. पैशांचा हिशेब कराल तर हे परवडत नाही, हिवाळ्यात स्वस्त मिळणाऱ्या जुडीशी घरची रोवळी काय स्पर्धा करणार. चव मला किंचित कमी कडू वाटते, देठ जास्त कोवळे. आईला ते आवडलं नाही, "कडूच नाही तर ती मेथी कसली" म्हणाली. पण निवडताना माती नाही, तीनतीनदा धुणं नाही, यावर तिनं एक शब्दही वाईट काढला नाही.

भाजी निघाल्यावर टबात उरलेलं द्रावण तसंच पुढच्या पिकाला वापरू नका. झाडांनी त्यातलं काय खाल्लं आणि काय ठेवलं हे मीटर सांगत नाही, तो फक्त एकूण क्षार मोजतो. मी ते दुप्पट पाणी घालून कढीपत्त्याला ओतते. मुळांची जाळी झालेलं कोकोपीट वाळवून कुंडीत मिसळते. टब घासून एक दिवस उन्हात पालथा घालते, आणि संध्याकाळी दोन चमचे दाणे भिजत टाकते.